उतरावे की पुन्हा उडावे?

विमान जमिनीवरून झेप घेऊन आकाशात चढू लागले, की पाहणाऱ्याला मोठे कौतुक वाटते. परंतु वैमानिकाची खरी कसोटी लागते ती विमान खाली उतरवताना. शेदीडशे प्रवाशांना घेऊन, ताशी अडीचशे किलोमीटर वेगाने येणारे साठ टन वजनाचे विमान धावपट्टीच्या ठरावीक भागावर टेकवायचे असते. हवा शांत असली तरी हे काम सोपे नसते. त्यातून वारा झोतांनी वाहत असला, म्हणजे क्षणात जोराने येऊन क्षणात ओसरत असला, तर विमान लाटांवरच्या होडीसारखे हेलकावे खाऊ लागते. अशा वेळी वैमानिकापुढे एक प्रश्न उभा राहतो : विमान उतरवावे, की पुन्हा वर न्यावे?

हा प्रश्न धाडसाचा आहे असे अनेकांना वाटते. धीट वैमानिक वाऱ्याशी झुंज देऊन विमान उतरवील आणि भित्रा वैमानिक माघार घेईल, अशी त्यांची समजूत असते. वस्तुतः हा प्रश्न धाडसाचा नसून मोजमापाचा आहे. विमान स्थिरपणे खाली येत आहे की नाही, हे ठरवण्याची काही निश्चित मापे आहेत. ती मापे कोणती आणि वाऱ्याच्या झोतांत ती कशी लावतात, हे समजून घेण्यासारखे आहे.

प्रथम विमान कोणत्या वाटेने खाली येते ते पाहू. मोठे प्रवासी विमान घारीप्रमाणे एकदम झेपावत नाही. शेवटचे काही किलोमीटर ते एका सरळ, अदृश्य उतरणीवरून खाली येते. ही उतरण बहुतेक विमानतळांवर ३ अंशांची असते. म्हणजे सुमारे १९ मीटर पुढे गेल्यावर विमान १ मीटर खाली येते. घाटातील एखाद्या बेताच्या उतारासारखाच हा उतार असतो. धावपट्टीजवळच्या यंत्रांतून निघणाऱ्या रेडिओ-लहरी ही उतरण वैमानिकाला दाखवतात. शिवाय धावपट्टीच्या बाजूला चार दिव्यांची एक ओळ असते. विमान योग्य उंचीवर असले, तर वैमानिकाला त्यांतील दोन दिवे पांढरे व दोन तांबडे दिसतात. चारही पांढरे दिसले तर विमान फार उंच आहे आणि चारही तांबडे दिसले तर ते फार खाली आले आहे, असे समजावे.

विमानाचा वेग नॉट या एककात मोजतात. १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. मध्यम आकाराचे जेट विमान उतरताना त्याचा वेग साधारणपणे १४० नॉट, म्हणजे ताशी सुमारे २६० किलोमीटर असतो. या वेगाने ते दर सेकंदाला ७२ मीटर अंतर तोडते आणि दर मिनिटाला सुमारे ७०० फूट खाली येते. जमिनीपासून १,००० फुटांवर असताना धावपट्टी सुमारे पावणेसहा किलोमीटर दूर असते. तेथून जमिनीवर टेकेपर्यंत जेमतेम दीड मिनिट उरते. जो काही विचार करायचा, तो या दीड मिनिटाच्या आत.

आता वाऱ्याचा विचार करू. जमिनीपासून उंचावर वारा बहुधा एकसारखा वाहतो. परंतु जमिनीजवळ टेकड्या, झाडे आणि इमारती यांवर तो आपटतो. खडकाळ पात्रातून वाहणारे पाणी जसे कोठे उसळते, कोठे भोवरे धरते, तसेच वाऱ्याचेही होते. उन्हाने तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा आणि पावसाळी ढगांतून खाली कोसळणारी हवा यांची त्यात भर पडते. त्यामुळे वाऱ्याचा जोर सतत कमीजास्त होतो. विमानतळावर उंच खांबावरील यंत्र हा जोर अखंड मोजत असते. नियंत्रण-मनोऱ्यातील अधिकारी वैमानिकाला वाऱ्याची दिशा व सरासरी वेग सांगतो. आणि वाऱ्याचे झोत सरासरीपेक्षा बरेच अधिक असले, तर त्यांचा वेगही सांगतो.

झोतांमुळे विमानाला धोका का उत्पन्न होतो? याचे उत्तर विमानाच्या पंखांत आहे. विमानाला आधार मिळतो तो पंखांवरून वाहणाऱ्या हवेमुळे. विमान जमिनीच्या मानाने किती वेगाने जात आहे, यावर हा आधार अवलंबून नसतो. हवेच्या मानाने ते किती वेगाने जात आहे, यावर तो अवलंबून असतो. या वेगाला वायुवेग म्हणतात. समजा, समोरून २५ नॉट वेगाचा वारा येत आहे आणि विमानाचा वायुवेग १४० नॉट आहे. मग जमिनीच्या मानाने विमान ११५ नॉट वेगाने पुढे जात असेल. आता समोरचा वारा एकाएकी ओसरून १० नॉट झाला, तर काय होईल? साठ टन वजनाच्या विमानाचा जमिनीवरील वेग एका क्षणात वाढू शकत नाही. तो ११५ नॉटच राहतो; आणि वायुवेग मात्र १४० वरून १२५ नॉटवर येतो. पंखांचा आधार कमी पडतो आणि विमान खाली खचू लागते. उलट समोरून अचानक झोत आला, तर वायुवेग वाढतो, आधार वाढतो आणि विमान उतरणीच्या वर उचलले जाते.

वायुवेग फारच कमी झाला, तर पंखांचा आधार पार सुटतो. जमिनीजवळ तसे घडले तर सावरण्यास उंची उरत नाही. म्हणून प्रत्येक विमानासाठी, त्याच्या त्या दिवशीच्या वजनानुसार, उतरण्याचा एक आधारभूत वेग ठरवलेला असतो. ज्या वेगाला पंखांचा आधार सुटतो त्याच्यापेक्षा तो पुरेसा अधिक असतो. झोतांचा वारा असला, तर वैमानिक या आधारभूत वेगात आणखी थोडी भर घालतो. एका प्रचलित पद्धतीप्रमाणे समोरच्या स्थिर वाऱ्याचा निम्मा वेग आणि झोताचा जादा वेग यांची बेरीज करतात. समजा, आधारभूत वेग १३५ नॉट आहे, समोरचा वारा १० नॉट आहे आणि त्याचे झोत २० नॉटांपर्यंत जात आहेत. मग १० चे निम्मे ५ आणि झोताचे जादा १० मिळून १५ नॉट होतात. वैमानिक विमान १५० नॉट वेगाने आणतो. अशी भर १५ नॉटांहून अधिक न घालण्याची मर्यादाही या पद्धतीत सांगितलेली असते.

वेग आणखी वाढवला तर अधिक सुरक्षित होणार नाही का, असे कोणाला वाटेल. परंतु वेग जितका अधिक, तितके विमान थांबवणे कठीण. वेग दहा टक्क्यांनी वाढला, तर विमानाची गतिज ऊर्जा एकवीस टक्क्यांनी वाढते. ती सर्व ऊर्जा ब्रेकांना जिरवावी लागते आणि धावपट्टीची लांबी तर ठरलेलीच असते. त्यातून ती पावसाने भिजलेली असली, तर अधिकच लांब धाव लागते. म्हणून वेग कमीही नको आणि फार अधिकही नको.

वारा नेहमी समोरूनच येतो असे नाही. तो बाजूने आला, तर विमानाला धावपट्टीच्या रेषेवरून ढकलू लागतो. वाहत्या नदीतून पलीकडच्या घाटाला नाव लावणारा नावाडी काय करतो, हे ज्यांनी पाहिले असेल त्यांना वैमानिकाची युक्ती चटकन समजेल. नावाडी नावेचे तोंड थेट घाटाकडे धरत नाही. ते थोडे प्रवाहाच्या वरच्या अंगाला वळवतो. प्रवाह नावेला खाली ओढतो आणि नाव नेमकी घाटाला लागते. वैमानिकही विमानाचे नाक वाऱ्याच्या दिशेला वळवून ठेवतो. विमान धावपट्टीच्या सरळ रेषेतच पुढे सरकते, पण त्याचे तोंड मात्र तिरपे असते. आडवा वारा ३० नॉट असला, तर हा तिरपेपणा सुमारे १२ अंशांचा होतो. चाके टेकण्याच्या बेतात असताना शेपटीवरील सुकाणूने विमान धावपट्टीच्या रेषेत सरळ करावे लागते. त्याच क्षणी वाऱ्याने एक पंख उचलला जाऊ नये म्हणून तोही सावरावा लागतो. वाऱ्याचा जोर एकसारखा असला तर हे साधते. तो क्षणोक्षणी बदलत असला तर फार दक्षता लागते.

येथवर अडचणींचा विचार झाला. आता मुख्य प्रश्नाकडे वळू. विमान स्थिरपणे खाली येत आहे, असे केव्हा म्हणावे? जगभरच्या विमान कंपन्यांनी याचे नियम केलेले आहेत. त्यांचा आशय पुढीलप्रमाणे असतो. विमान उतरणीच्या योग्य रेषेवर असावे. चाके बाहेर काढलेली असावीत आणि पंखांच्या कडेचे फ्लॅप उतरण्यासाठी ठरवलेल्या स्थितीत असावेत. वायुवेग ठरवलेल्या मर्यादेत असावा. खाली येण्याची गती मिनिटाला १,००० फुटांहून अधिक नसावी. इंजिनांचा जोर उतरणीला साजेसा असावा. ती अगदी मंद ठेवलेली नसावीत. उतरण्यापूर्वीची सर्व तपासणी पूर्ण झालेली असावी. आणि विमान रेषेवर ठेवण्यासाठी केवळ लहानसहान दुरुस्त्या पुरेशा व्हाव्यात.

यांतील इंजिनांविषयीची अट प्रथम चमत्कारिक वाटते. विमान खालीच यायचे आहे, तर इंजिने मंद असली म्हणून काय बिघडले? परंतु मंद चालणाऱ्या जेट इंजिनाला पूर्ण जोर धरण्यास काही सेकंद लागतात. दर सेकंदाला ७२ मीटर तोडणाऱ्या विमानाला एवढा विलंब परवडत नाही. झोत ओसरून विमान खचू लागले, तर जोर तत्काळ हाताशी हवा. म्हणून इंजिने आधीपासूनच काही जोरावर चालू ठेवलेली असतात.

या सर्व अटी पूर्ण झाल्या आहेत की नाहीत, हे ठरावीक उंचीवर तपासले जाते. ढग किंवा धुके यांमुळे बाहेरचे दिसत नसेल, तर जमिनीपासून १,००० फुटांवर आणि हवा स्वच्छ असेल, तर ५०० फुटांवर, असा सर्वसाधारण नियम आहे. अनेक कंपन्या हवा कशीही असली तरी १,००० फुटांचीच उंची धरतात. त्या उंचीवर एकही अट अपुरी असेल, तर उतरण्याचा प्रयत्न सोडून द्यायचा. पुढे सर्व जुळून येईल या आशेवर खाली जायचे नाही.

परंतु झोतांच्या वाऱ्यात वेगदर्शकाचा काटा कधीच एका जागी स्थिर राहत नाही. तो सारखा वरखाली होतो. मग प्रत्येक झोताला विमान अस्थिर झाले असे म्हणायचे काय? तसे म्हटले, तर वाऱ्याच्या दिवशी एकही विमान उतरणार नाही. येथेच वैमानिकाच्या निर्णयशक्तीची गरज असते.

किराणा दुकानातील जुना तराजू आठवून पाहा. पारड्यात माल टाकताच काटा डावी-उजवीकडे झुलू लागतो. दुकानदार त्या झुलण्याने गोंधळत नाही. काटा मध्याच्या दोन्ही बाजूंना सारखा झुलत असेल, तर वजन बरोबर आहे हे तो जाणतो. पण काटा एकाच बाजूला कलून तेथेच राहिला, तर वजनात खोट आहे, हे त्याला तत्काळ कळते. वैमानिकही आपल्या काट्यांकडे याच दृष्टीने पाहतो. ठरवलेल्या वेगापेक्षा १० नॉट अधिक किंवा ५ नॉट कमी एवढा फरक पुष्कळ ठिकाणी चालवून घेतात. पण त्याला एक अट असते. काटा ठरवलेल्या वेगाकडे परत येत असला पाहिजे. झोताने वेग क्षणभर वाढला आणि लगेच मूळ जागी आला, तर विमान स्थिर आहे. वेग घटला, वैमानिकाने थोडा जोर दिला आणि तरीही काटा खालीच जात राहिला, तर विमान स्थिर नाही.

म्हणजे काटा किती हलला, एवढेच पाहून भागत नाही. तो परत आला का, हेही पाहावे लागते. वैमानिकाच्या हातांची हालचालही याच रीतीने पारखता येते. छोट्या छोट्या दुरुस्त्यांनी विमान रेषेवर राहत असेल, तर ठीक. परंतु प्रत्येक दुरुस्ती आधीच्या दुरुस्तीपेक्षा मोठी करावी लागत असेल, तर वाऱ्याने आपला वरचष्मा स्थापन केला आहे असे समजावे. काही वेळा वाऱ्यात याहूनही मोठा पालट होतो. जमिनीपासून १,००० फुटांच्या आत वायुवेगात अकस्मात १५ नॉटांचा किंवा खाली येण्याच्या गतीत मिनिटाला ५०० फुटांचा फरक पडला आणि तो टिकून राहिला, तर तो साधा झोत नव्हे. तो धोक्याचा इशारा होय. अशा वेळी विचार करीत न बसता विमान वर न्यावे, असेच वैमानिकांना शिकवलेले असते.

हे सर्व एकट्या माणसाने पाहणे कठीण आहे. म्हणून प्रवासी विमानात दोन वैमानिक असतात. एक जण विमान चालवतो आणि दुसरा काट्यांवर लक्ष ठेवतो. वेग घटला, उतरण सुटली किंवा खाली येण्याची गती वाढली, की दुसऱ्याने ते मोठ्याने सांगायचे असते. स्थिरता नाही असे दिसताच ‘गो-अराउंड’ हे शब्द उच्चारायचे असतात. उतरणे सोडून पुन्हा वर जा, असा त्यांचा अर्थ. पुष्कळ कंपन्यांत असा नियम आहे की, हे शब्द दोघांपैकी कोणीही उच्चारले तरी दुसऱ्याने ते मानलेच पाहिजेत. तेथे वय, अनुभव किंवा हुद्दा यांचा प्रश्न येत नाही.

हा नियम मोडला तर काय होते, हे भारताने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. २२ मे २०१० रोजी सकाळी दुबईहून आलेले एक विमान मंगळूरच्या विमानतळावर उतरत होते. त्या दिवशी झोतांचा वारा नव्हता. मंगळूरची धावपट्टी डोंगरमाथ्यावर आहे आणि तिच्या टोकापलीकडे खोल उतार आहे. विमान उतरणीच्या योग्य रेषेपेक्षा फार उंच होते आणि त्याचा वेगही अधिक होता. सहवैमानिकाने तीन वेळा ‘गो-अराउंड’ असे सुचवले. विमानातील यंत्रानेही धोक्याचे इशारे दिले. तरीही मुख्य वैमानिकाने उतरण्याचा प्रयत्न सोडला नाही. सुमारे ८,००० फूट लांबीच्या धावपट्टीवर विमान पहिल्या ५,२०० फुटांपलीकडे टेकले. उरलेली धावपट्टी त्याला थांबण्यास पुरली नाही. विमानातील १६६ जणांपैकी १५८ जण मृत्युमुखी पडले. केवळ ८ जण वाचले. अस्थिर अवतरण वेळीच न सोडणे हेच या दुर्घटनेचे कारण होय, असा निर्णय चौकशी न्यायालयाने दिला.

याच्या उलट एक घटना जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरी घडली. १ मार्च २००८ रोजी त्या भागात ‘एम्मा’ नावाचे वादळ घोंघावत होते. म्युनिकहून १३७ माणसांना घेऊन आलेले एक विमान हॅम्बुर्गच्या २३ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरत होते. धावपट्टीचा क्रमांक तिची दिशा सांगतो. २३ म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजलेले २३० अंश. वारा मात्र ३०० अंशांच्या दिशेकडून येत होता. त्याचा वेग ३३ नॉट होता आणि झोत ४७ नॉटांपर्यंत जात होते. म्हणजे वारा धावपट्टीशी ७० अंशांचा कोन करून जवळजवळ आडवाच वाहत होता. चाके टेकण्याच्या वेळी विमान कलले आणि डाव्या पंखाचे टोक जमिनीला घासले. पाहणाऱ्यांच्या काळजाचा ठोका चुकला. परंतु त्या क्षणीही वैमानिकांनी विमान जमिनीवर दाबून धरण्याचा हट्ट केला नाही. त्यांनी इंजिनांना पूर्ण जोर दिला आणि विमान पुन्हा आकाशात नेले.

त्यानंतर त्यांनी दुसरी धावपट्टी मागितली. तिचा क्रमांक ३३, म्हणजे दिशा ३३० अंश. वारा व ही धावपट्टी यांत केवळ ३० अंशांचा कोन होता. ३० अंशांच्या कोनातून येणाऱ्या वाऱ्याचा निम्माच जोर आडवा लागतो; उरलेला समोरून येऊन विमानाला साहाय्यच करतो. वादळ तेच, विमान तेच आणि वैमानिकही तेच. पण या वेळी विमान सुखरूप उतरले. पंखाच्या टोकाला इजा झाली होती. माणसांपैकी कोणालाही झाली नाही.

या दोन घटनांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. चाके जमिनीला लागेपर्यंत, किंबहुना लागल्यानंतरही काही क्षण, वर जाण्याचा मार्ग मोकळा असतो. मात्र तो स्वीकारण्याची मनाची तयारी हवी. विमानही त्यासाठी सज्ज असते. इंजिनांना जोर देऊन नाक वर उचलले, फ्लॅप थोडे आत घेतले आणि विमान चढू लागताच चाके मिटली, की ते पुन्हा सुरक्षित उंचीवर जाते. दुसऱ्या विमानतळापर्यंत जाता येईल आणि त्यानंतरही अर्धा तास आकाशात राहता येईल, एवढे इंधन विमानाने बरोबर घेतलेले असते. पावसाळ्यात मुंबईवर घिरट्या घालून विमान दुसऱ्या शहरी नेले, अशा बातम्या वर्तमानपत्रांत येतात. प्रवासी त्यामुळे खट्टू होतात. पण ते इंधन नेमके याच कामासाठी घेतलेले असते.

असे असूनही वैमानिक नेहमीच वर जातात असे नाही. विमान-सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका जागतिक संस्थेला असे आढळले की, अस्थिर ठरलेल्या अवतरणांपैकी शंभरात सुमारे तीनच वेळा वैमानिक उतरणे सोडून देतात. बाकीच्या सत्त्याण्णव वेळा ते तसेच पुढे जातात. त्यांतील बहुतेक विमाने सुखरूप उतरतातही. परंतु त्यामुळेच मनाला एक वाईट सवय लागते. मागच्या वेळी निभावले, तसे या वेळीही निभावेल, असे वाटू लागते. त्यातून धावपट्टी डोळ्यांसमोर असते, प्रवास संपत आलेला असतो आणि प्रवाशांना उशीर झालेला असतो. एवढ्या जवळ येऊन परत फिरणे मनाला रुचत नाही. म्हणून निर्णयाची मापे जमिनीवर, शांत चित्ताने, आधीच ठरवून ठेवलेली असतात. ऐन वेळी वैमानिकाला एवढेच पाहायचे असते की, आपण त्या मापांत बसतो की नाही.

‘शीर सलामत तर पगडी पचास’ अशी आपल्याकडे म्हण आहे. उतरण्याची संधी दहा मिनिटांनी पुन्हा मिळते, दुसऱ्या धावपट्टीवर मिळते, दुसऱ्या शहरातही मिळते. वाऱ्याचा झोत कोणाच्या हाती नसतो. परंतु ठरवलेल्या मापाशी प्रामाणिक राहणे वैमानिकाच्या हाती असते. उतरता उतरता एखादे विमान गर्जना करीत पुन्हा आकाशात झेपावले, तर त्याच्या वैमानिकाला भित्रा म्हणू नये. त्याने काटा पाहिला, तो परत येत नाही हे ओळखले आणि वेळेवर योग्य निर्णय घेतला, असेच समजावे.